एक हात मोकळा

मे महिना, फुजैरा, रात्रीचे दोन.
खिडकीच्या काचेला हात लावला
तर ताप बाहेरच्या अंगाला.
जेवणाच्या टेबलावर चार पासपोर्ट
आणि वृषालीनं आखलेला तक्ता:
दुबई, मधे टोरोंटोत सहा तास,
मग कॅलगरी, रोडिओचे दहा दिवस.
हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे बघू,
लाल म्हणजे अण्णांचा व्हिसा.

तिचा भाऊ श्रीरंग तिकडे असतो.
म्हणतो, या, गावभर फुकट पॅनकेक वाटतात,
बँकेचा मॅनेजरसुद्धा टोपी घालून
कडब्याच्या पेंढीवर बसतो.
जुलैतले हॉटेलचे भाव ऐकून मी म्हटलं,
आम्ही पेंढीवरच झोपू.

सुट्टी मिळाली, कारण
टँक फार्मवरची बेचाळीस नंबरची टाकी
उघडायची ती ऑगस्टवर गेली.
कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागते.

अण्णा हिवाळ्यापासून इथेच आहेत.
मंचरकडचे. जन्मभर घाटात
घड्याळ धरून उभे राहिलेले.
बैल सुटले की बोट दाबायचं,
निशाणीला पोचले की पुन्हा.
अकरा सेकंद. बारा.
कुणाची बारी बसली, कुणाची हुकली
यावरून दोनदा मार खाल्ला,
निकाल बदलला नाही.
शर्यती बंद होत्या त्या वर्षांत
भात शिजायला किती वेळ लागतो ते मोजायचे.

मार्चमध्ये उबैद त्यांना घेऊन गेला
समुद्राकाठच्या मैदानावर, शुक्रवारी, उन्हं कलल्यावर.
इथे बैलाला बैल भिडवतात.
गाडी नाही, पाठीवर माणूस नाही,
दोर ओढायला दहा जण,
मागे सरला तो हरला.
अण्णांनी खिशातून घड्याळ काढलं
आणि परत ठेवलं.
"यात मोजायचं काय?"
उबैदला मराठी येत नाही.
त्यानं खजूर पुढे केला.

शर्वरीनं रोडिओचे नियम वाचून दाखवले.
बैलाच्या पाठीवर आठ सेकंद टिकायचं.
एका हातानं दोर घट्ट,
दुसरा हात हवेत.
तो बैलाला लागला, स्वतःला लागला,
कशालाही लागला तरी बाद.
आणि शंभरातले पन्नास गुण बैलाचे.
"बैलाचे?" अण्णा उठून बसले.
"मग ते देतात कुणाला?"
तिला ते सापडलं नाही.

मी सवयीनं हिशेब केला.
या जूनला इथे एकोणीस वर्षं.
दर दोन वर्षांनी नवा शिक्का, छातीचा एक्स-रे,
श्वास रोखा म्हणतात, रोखतो.
उजव्या हातात दोर.
डावा इतकी वर्षं कुठे होता, आठवेना.
मंचरला घर बांधलं, त्याला लागला नाही.
इथल्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही,
डिपॉझिट जातं.

अर्जातला शेवटचा रकाना: प्रवासाचं कारण.
वृषाली म्हणाली, पर्यटन लिही.
शर्वरी म्हणाली, मामा.
अण्णा म्हणाले, "बैल लिही की. खोटं कशाला?"
मी बैल लिहिलं, खोडलं,
कुटुंब लिहिलं, तेही खोडलं,
तोवर कोपऱ्यात लाल आकडे उलटे धावू लागले,
चाळीस सेकंदांत सगळं पुसलं जाणार.

अण्णांनी घड्याळ हातात घेतलं.
"उचल की टाक," म्हणाले, दबक्या आवाजात,
शेजारचे झोपलेत म्हणून,
"उचल की टाक, भिर्रर्र..."
मी बटण दाबलं.
त्यांनी दाबलं.
रकान्यात शेवटी काय राहिलं, पाहिलं नाही.

घड्याळ आता फ्रिजवर असतं, चालू.
कुणी थांबवत नाही.
सकाळी चहाच्या आधी अण्णा त्याला चावी देतात.
वृषाली टोप्यांसाठी मापं घेतेय,
दोरा डोक्याभोवती, मग पट्टीवर.
अण्णांचं साडेबावीस.
"लिही तू," ते म्हणतात,
"मी आपला फेटा नेईन."